जमीन, वतन आणि द्विपद : उमरखेड परिसरातील वारशाचा इतिहास

मराठी मुलुखाच्या जुन्या कायद्यात जमिनीचा वारसा आणि दासांचा वारसा यांचे नियम शेजारी शेजारी आढळतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या उमरखेडच्या परिसरात हे नियम आणि त्यांचे पुढचे अवशेष अनेक राजवटींखाली बदलत गेले. आईन-ए-अकबरीत उमरखेड हा वऱ्हाड सुभ्याच्या माहूर सरकारातील एक महाल म्हणून नोंदलेला आहे. अठराव्या शतकात वऱ्हाडच्या बऱ्याच भागात हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली, म्हणजे दुहेरी अंमल, होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. पैनगंगेपलीकडचा हदगावचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला.

अमेरिकेत किंवा वेस्ट इंडीजमध्ये होते तसे शेकडो गुलामांचे मळे या भागात कधीच नव्हते. जमीन पिढीजात घराण्यांकडे होती आणि तिच्यावर राबणाऱ्या माणसांचे बंधनही पिढीजात होते. ते कधी दास्याच्या नावाने, कधी वतनाच्या नावाने, तर कधी कर्जाच्या नावाने चालले. बापाकडून मुलाकडे जाणे हा या तिन्हींचा समान गुण होता.

मिताक्षरेतील द्विपद

वऱ्हाडसह बहुतेक भारतात हिंदूंच्या वारसा कायद्याचा आधार मिताक्षरा हा ग्रंथ होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात कल्याण येथे लिहिली. हे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. उमरखेडपासून ते सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर आहे.

नारदस्मृतीने सांगितलेले दासांचे पंधरा प्रकार मिताक्षरेने स्वीकारले आहेत. घरातल्या दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला आणि वारशाने आलेला हे पहिले चार. दुष्काळात पोसून जगवलेला, गहाण ठेवलेला, ऋण फेडून सोडवलेला, युद्धात पकडलेला, पणात जिंकलेला, स्वतः होऊन आलेला, संन्यास मोडलेला, ठराविक मुदतीसाठी झालेला, अन्नासाठी राहिलेला, दासीच्या ओढीने दास्य पत्करलेला आणि स्वतःला विकणारा हे पुढचे. पहिल्या चौघांना मालकाच्या मर्जीशिवाय सुटका नव्हती. वारशाने आलेला दास या चौघांत मोडतो. दुष्काळात जगवलेल्याला किंवा गहाण पडलेल्याला ठरलेली भरपाई देऊन सुटता येई, पण ज्याचे दास्य जन्माने किंवा वारशाने आले त्याच्याजवळ फेडण्यासारखे काही नव्हते.

वाटणीचे नियमही बारकाईने ठरलेले होते. मिताक्षरेने उद्धृत केलेल्या एका वचनानुसार स्थावर मालमत्ता आणि 'द्विपद', म्हणजे दोन पायांची मालमत्ता, स्वतः कमावलेली असली तरी सर्व मुलांना एकत्र केल्याशिवाय दान देऊ नये वा विकू नये. टीकाकारांनी द्विपद शब्दाचा अर्थ दास असाच केला आहे. सोने, धान्य, कापड यांवर कर्त्याला जी मोकळीक होती ती जमिनीवर आणि दासांवर नव्हती, कारण दोन्हींवर पुढच्या पिढ्यांचे पोट अवलंबून होते. दासी अनेक असतील तर भावांनी त्या सारख्या वाटून घ्याव्यात, एकच असेल तर तिने प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे आळीपाळीने त्यांच्या घरी काम करावे, असे बृहस्पतीचे मत होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावाव्यात तशा दासीच्या पाळ्या लावल्या जात. बापाने ठेवलेल्या स्त्रियांची वाटणी मात्र करू नये, असा गौतमाचा निर्बंध होता.

जमीन आणि दास यांना एकाच नियमात बांधण्याचा विचार दुसऱ्या गोलार्धातही झाला होता. इंग्लंडच्या व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये मुलाचे दास्य किंवा स्वातंत्र्य आईवरून ठरवले. १७०५ मध्ये तेथील विधिमंडळाने वारशाच्या कामी गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले. मळा एका वारसाकडे आणि मजूर दुसऱ्याकडे गेले तर मळा ओस पडेल, ही मळेवाल्यांची चिंता त्यामागे होती. दोन्ही व्यवस्थांत मोठे फरक होते. व्हर्जिनियातील गुलामी वंशावर आधारलेली होती आणि तंबाखूच्या व्यापारासाठी चालत होती, तर दख्खनमधील दास्य मुख्यतः घरातले, गोठ्यातले आणि पागेतले होते. पण माणसाला जमिनीच्या रांगेत बसवण्याची गरज दोन्हीकडे एकाच कारणाने पडली. जमीन भरपूर आणि राबणारे हात थोडे, अशा ठिकाणी खरी दौलत हातांत होती.

मुक्ततेचा विधीही शास्त्राने सांगितला होता. मालक दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घडा उतरवून फोडी, अक्षता आणि फुले असलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडी आणि तो आता दास नाही असे तीन वेळा जाहीर करी. मालकाचा प्राण वाचवणाऱ्या दासाला मुक्ततेबरोबर मुलाइतका वाटाही द्यावा, असे नारद सांगतो.

वतन आणि माणसांवरील हक्क

मध्ययुगीन दख्खनमध्ये वारशाने मिळणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वतन. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, गावावर पाटील आणि कुळकर्णी असे वतनदार असत. वतनात इनाम जमीन, महसुलातील हक्क आणि मानपान यांबरोबर गावकऱ्यांच्या श्रमावरचा हक्कही असे. सणासुदीला लाकूडफाटा पुरवणे, निरोप पोचवणे, ओझी वाहणे ही वेठ गावच्या महारांवर आणि इतर सेवकांवर पडे. वतनदार भावांत वाटणी झाली की शेताबरोबर हक्क, मान आणि सेवेच्या पाळ्याही वाटल्या जात.

सेवा करणाऱ्यांचेही वतन होते. महारकीच्या वतनात थोडी जमीन आणि बलुते मिळे, त्याच्या बदल्यात गावाची व सरकारची चाकरी पिढ्यानपिढ्या करावी लागे. कागदावर तो हक्क होता, आणि प्रत्यक्षात तीच बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले ते याच कारणाने. थोड्याशा जमिनीसाठी पुढच्या सर्व पिढ्या बांधल्या जातात, हे त्यांनी ओळखले होते.

जमिनीच्या व्यवस्थेत दासाचा सर्वात मोठा ठसा उमटला तो मलिक अंबरचा. हा हबशी माणूस गुलाम म्हणून विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याचा मालक चंगीझखान सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात मारला गेला आणि त्यानंतर अंबर मुक्त झाला. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने बसवलेली जमीन महसुलाची पद्धत १६२६ मधील त्याच्या मृत्यूनंतरही दख्खनमध्ये नमुना मानली गेली. लष्करी गुलामाला सत्तेची अशी वाट मोकळी होती. घरातल्या दासीला ती कधीच नव्हती.

कुणबिणी आणि त्यांची मुले

मराठेशाहीत घरकामाच्या दासीला कुणबीण किंवा बटीक म्हणत. दुष्काळ, लढाया आणि कर्ज ही दास्यात पडण्याची नेहमीची कारणे होती. १६३०–३२ च्या दख्खन-गुजरातमधील दुष्काळात आईबापांनी पोटची मुले विकल्याचे त्या काळच्या लेखकांनी नोंदवले आहे. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रियांना पेशवे सरकार कुणबिणी करून घेई. अशा स्त्रिया कोठी, थट्टी, पागा आणि मुदपाकखान्यात राबत, काही विकल्या जात, काही सरदारांना बक्षीस दिल्या जात. पेशवे दप्तरातील कागदांत त्यांची खरेदी, बक्षिसी, पळून जाणे आणि म्हातारपणी किंवा मोबदला घेऊन झालेली सुटका यांच्या नोंदी सापडतात.

या व्यापाराला विरोध झाल्याची उदाहरणेही आहेत. १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत डच कंपनीला दिलेल्या कौलात शिवाजी महाराजांनी आपल्या राज्यात स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास मनाई केली होती.

कुणबिणीचे मूल आईच्या मालकाचे होई. मालकापासून झालेल्या संततीला लेकावळे म्हणत. त्या घरात त्यांचे रक्ताचे नाते सर्वांना माहीत असे, पण पंगतीत, सोयरिकीत आणि वाटणीत त्यांना वेगळे ठेवले जाई. एकाच वाड्यात वाढलेल्या दोन मुलांपैकी एक वारस होई आणि दुसरे वारशाचा भाग होई. दास्याच्या इतिहासात याहून कठोर गोष्ट शोधावी लागणार नाही. मालकाला मूल देणारी दासी मुलासह मुक्त समजावी, असे कात्यायनाचे वचन होते, पण ते अमलात आणायला लावणारे तिच्या बाजूचे कोणी नसे.

१८४३ चा कायदा आणि वऱ्हाड

पेशवाई संपल्यानंतर दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन यांनी गुलामगिरी या प्रदेशात बरीच प्रचलित असल्याचे, पण तिचे स्वरूप सौम्य असल्याचे कळवले होते. जुन्या घराण्यांना दुखवायचे नाही, हे कंपनीचे धोरण अशा अहवालांतून पोसले गेले. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, तेव्हा कंपनीचा मुलूख त्यातून वगळण्यात आला. त्या कायद्याने मळेवाल्यांना २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली, मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही.

हिंदुस्थानात १८४१ मध्ये विधी आयोगाने गुलामगिरीवर अहवाल दिला आणि त्यातून १८४३ चा पाचवा कायदा निघाला. त्यात चार तरतुदी होत्या. सरकारी वसुलीसाठी किंवा न्यायालयाच्या हुकुमाने कोणत्याही माणसाची विक्री करायची नाही. माणसाच्या देहावर वा श्रमावर मालकीचा हक्क न्यायालयाने बजावून द्यायचा नाही. स्वकष्टाने, देणगीने किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता, ती घेणारा किंवा ज्याच्याकडून ती आली तो गुलाम होता या कारणाने काढून घ्यायची नाही. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा ठरतो तो गुलामाविरुद्धही गुन्हाच ठरेल.

वारशाच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी तरतूद निर्णायक होती. दुसरीने दास वाटणीपत्रातून बाहेर पडला, कारण भावाने दासी देण्याचे नाकारले तर न्यायालय ती मिळवून देणार नव्हते. तिसरीने दास स्वतः वारस होऊ शकला. पण कायद्याने गुलामाला मुक्त जाहीर केले नव्हते, त्याला जमीनही दिली नव्हती. मालकाचा हक्क न्यायालयात चालेनासा झाला एवढेच. ज्यांना हे ठाऊक नव्हते ते होते तिथेच राहिले. पुढे १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा ठरवला.

वऱ्हाडची स्थिती वेगळी होती. १८५३ नंतर कारभार इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप येत नसत, ते स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात होते आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडला गेला.

दासीपुत्राचा वाटा

दास्याची कायदेशीर मान्यता गेली तरी वारसा कायद्यातील दासी हा शब्द गेला नाही. शूद्र वर्णाच्या पुरुषाला दासीपासून झालेल्या मुलाला बापाच्या इच्छेने वाटा मिळावा आणि बापाच्या मृत्यूनंतर औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा, असा याज्ञवल्क्याचा नियम होता. ब्राह्मण आणि इतर द्विज घराण्यांत अशा मुलाला फक्त पोटगी मिळे. इंग्रजी न्यायालयांपुढे पेच असा होता की दासीच कायद्याने उरली नाही, तर दासीपुत्र कोण?

मुंबई उच्च न्यायालयाने १८७५ मधील राही विरुद्ध गोविंद आणि त्यानंतर सदू विरुद्ध बायजा या खटल्यांत हा प्रश्न तपासला. दीर्घकाळ एकनिष्ठपणे ठेवलेल्या स्त्रीचा मुलगा या नियमाखाली येऊ शकतो, असा अर्थ रूढ झाला. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही जोगेंद्र भूपती यांच्या खटल्यात दासीपुत्राला औरस भावामागे मालमत्ता मिळू शकते हे मान्य केले. वारशाचा भाग असलेल्या स्त्रीची संतती अशा रीतीने वारसांच्या रांगेत आली. मात्र हा वाटा वर्णावर अवलंबून होता, म्हणून वादी-प्रतिवादी आपले कुळ शूद्र की क्षत्रिय हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयात झगडत. जमिनीच्या एका वाट्यावर साऱ्या जातीची प्रतिष्ठा पणाला लागत असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अनौरस संततीचे नाते फक्त आईशी मानले आणि दासीपुत्राचा जुना वाटा संपला.

कापूस, इजारा आणि सालदारी

वऱ्हाडच्या शेतीवर अमेरिकेतील गुलामांच्या मळ्यांचा थेट परिणाम झाला. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९.५ लाख गुलाम होते आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस त्यांच्या श्रमातून येई. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर हा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण काळ्या जमिनीत कापूस कायमचा रुजला.

याच काळात जमिनीची मालकी नव्या पायावर आली. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत सुरू झाली आणि शेतकऱ्याची जमीन वारसाने जाणारी, गहाण टाकता येणारी आणि विकता येणारी झाली. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम संपले. पडीक गावे वसवण्यासाठी १८६५ च्या नियमांनी भांडवलदारांना दीर्घ मुदतीचे पट्टे दिले. त्यांना इजारा म्हणत. आजच्या यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत अनेक गावांच्या नावापुढे इजारा हा शब्द अजूनही लागतो. मळेवाल्यासारखी एकसंध जहागीर या मुलुखात निर्माण झाली असेल तर ती या इजारदारांची.

वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ मध्ये सुमारे २२ लाख होती, ती १८९१ मध्ये २९ लाखांच्या घरात गेली. हात वाढले, पडीक जमीन संपत आली आणि जुने गणित उलटले. आता दौलत जमिनीत होती. राबणारा माणूस विकत घेऊन पिढ्यानपिढ्या पोसण्याची गरज उरली नाही, त्याला वर्षापुरते बांधणे पुरेसे झाले. १८९९–१९०० च्या दुष्काळाने माणसे आणि गुरे दोन्ही ओढून नेली. १९०१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २७.५ लाखांवर उतरली होती.

वर्षाच्या बांधिलकीचे नाव सालदारी. गुढीपाडव्याला सालदाराचे वर्ष सुरू होई आणि पुढच्या पाडव्याला संपे. नांगरणी, वखरणी, तिफणीने पेरणी, डवरणी, बैलांचे चारापाणी आणि रात्रीची जागल ही त्याची कामे. मोबदला ठरलेले धान्य, थोडी रोकड, कपडे, घोंगडी आणि पायताण असा असे. आजारपण किंवा मुलीचे लग्न आले की मालकाकडून उचल घेतली जाई. ती साली फिटली नाही तर पुढच्या सालात जमा होई आणि सालदार दुसरा मालक धरू शकत नसे. बाप थकला की मुलगा गुरांमागे लागे आणि पुढे सालदार होई. बापाचे देणे मुलाकडे येई आणि मालकाचे येणे मालकाच्या मुलाकडे जाई. शेत एका घराच्या वारशाला, कर्ज दुसऱ्या घराच्या वारशाला, अशी ही वाटणी होती.

सर्व सालदार बांधील नव्हते. चांगला सालदार मिळवण्यासाठी मालक आपसात चढाओढ करीत आणि उचल नसलेला माणूस पाडव्याला मोकळेपणाने घर बदलत असे. बंधन तयार होई ते न फिटणाऱ्या उचलीतून. निजामाच्या राज्यात, विशेषतः तेलंगणात, अशा कर्जबांधील मजुराला भागेला म्हणत आणि तेथे हे बंधन अधिक घट्ट होते. १९३६ मध्ये हैदराबाद सरकारला भागेला करारांचे नियमन करणारा कायदा करावा लागला.

वारशाने आलेल्या बंधनाचा शेवट

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने १९५१ मध्ये मध्यस्थ जमीनधारकांचे हक्क संपवले. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याची वाट मिळाली. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद बंद झाले.

श्रमाचे बंधन मात्र स्पष्टपणे हाताळले ते १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने. या कायद्याने वेठबिगारीची सर्व कर्जे रद्द केली, त्यांच्या वसुलीचे दावे बंद केले आणि वेठबिगाराची गहाण मालमत्ता परत करायला लावली. वेठबिगारी कशातून निर्माण होते याच्या यादीत आगाऊ घेतलेल्या रकमेबरोबर रूढी, विशिष्ट जातीतील जन्म आणि वारशाने आलेले दायित्व यांचाही उल्लेख आहे. मिताक्षरेने वारशाने आलेल्या दासाला मालकाच्या मर्जीशिवाय सुटकेची वाट ठेवली नव्हती. त्यानंतर साडेआठशेहून अधिक वर्षांनी कायद्याने नेमके तेच वारशाचे बंधन नाव घेऊन रद्द केले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. एके काळी स्त्री ज्या वाटणीत पाळीने वाटली जात होती, त्याच मिताक्षरा कुटुंबाच्या वाटणीत ती आता वाटेकरी आहे.